शोभेचा माल विकणाऱ्याने स्क्रूचीही जबाबदारी घ्यावी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून आणि पेढीवरच्या मुनीमजींकडून शिकलो. म्हणून या पानावर आम्ही आपले साधे लिहितो, आणि बहुधा भाव, उधारी व परत आलेला माल यांविषयीच लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. पिनबॉल नावाच्या खेळाच्या पेटीत लहान लहान शोभेच्या प्रतिकृती कशा बसवाव्यात, हा तो विषय. व्यापाराच्या पानावर खेळणी कशाला, असे वाचक विचारतील. आमची विनंती एवढीच की, शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

गेल्या वर्षी मालाच्या निमित्ताने आमचे शिकागोला जाणे झाले. तेथे डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, दागिने, मिठाई, मसाले, सगळे काही आपल्याकडचे तेथे मिळते. दिवसभर दुकाने फिरलो आणि मुक्कामाला उपनगरात राहणाऱ्या भाच्याकडे गेलो. रात्री जेवण आटोपल्यावर तो म्हणाला, "मामूजान, खाली चला, एक चीज दाखवतो." तळघरात चार पायांवर उभी असलेली एक लांबट पेटी होती. वर जाड काच, आत उतरता रंगीत पाट. लोखंडी गोळी वरून घरंगळत येते आणि खेळणारा दोन्ही बाजूंची बटणे दाबून, फ्लिपर नावाच्या दोन दांड्यांनी ती पुन्हा वर मारतो. गोळी खाली निसटली की डाव गेला.

भाच्याच्या पेटीचे नाव 'मिडीव्हल मॅडनेस'. विल्यम्स कंपनीने १९९७ साली ती बाजारात आणली. रचनाकार ब्रायन एडी. मध्यभागी एक किल्ला, त्याला उचलता येणारा पूल आणि दरवाजा. गोळीने किल्ला सर करायचा. मूळ यंत्रे चार हजारांच्या आसपासच निघाली, पण मागणी इतकी टिकली की २०१५ पासून ती नव्याने तयार करून विकली गेली. भाच्याची पेटी या नव्यांपैकी. त्यात कंपनीने दिलेल्या किल्ल्याखेरीज एका कोपऱ्यात घोडेस्वार, बुरुजावर निशाणे आणि कडेला दोन झाडे होती. ती भाच्याने स्वतः बसवलेली. अशा जोडकामाला तेथील शौकीन 'मॉड' म्हणतात.

आम्हाला लहानपणचा दिवाळीचा किल्ला आठवला. आमच्या मोहल्ल्याला लागून एक वाडा होता. तेथील मुले मातीचा किल्ला करीत आणि आम्हीही माती कालवायला जात असू. मावळे ठेवायचे, तोफ ठेवायची, आणि कोणाचा तरी चेंडू येऊन पडला की अर्धे सैन्य आडवे. पिनबॉलची पेटी म्हणजे ज्यावर चेंडू सारखा पडतच राहतो असा किल्ला. तेव्हा मावळा कोठे ठेवावा याइतकाच तो कशाने धरून ठेवावा हाही तेथे मोठा प्रश्न आहे.

हा जुगार तर नव्हे?

आमच्या वाचकांपैकी बरेचजण प्रथम हेच विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि तो अमेरिकेतही विचारला गेला होता. हा खेळ बॅगाटेल या जुन्या खेळातून निघाला. १८७१ साली मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह याने गोळी उडवणाऱ्या स्प्रिंगसह त्याच्या सुधारणांचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये गॉटलिब कंपनीचा 'बॅफल बॉल' आणि १९३२ मध्ये 'बॅलीहू' ही यंत्रे आली आणि मंदीच्या काळात दुकानोदुकानी पसरली. त्यांना फ्लिपर नव्हते. गोळी एकदा सुटली की पुढचे बहुतांशी नशिबावर. त्यावर पैजा लागत, बक्षिसे दिली जात. म्हणून १९४२ मध्ये न्यू यॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी यंत्रांवर बंदी आणली व जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडण्यात आली.

पुढे १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्राला सहा फ्लिपर लावले. त्यामुळे गोळी वाचवणे खेळणाऱ्याच्या हाती आले. तरीही न्यू यॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडले. त्या वर्षी रॉजर शार्प यांनी नगर परिषदेपुढे प्रत्यक्ष खेळून, गोळी कोठे जाणार हे आधी सांगून तेथेच पाठवून दाखवली. ज्या यंत्रात पैसा लावला जातो त्याच्याशी आमचे काही देणेघेणे नाही. घरात मुलांबरोबर खेळायच्या, पैजेविना चालणाऱ्या पेटीविषयी आम्ही लिहीत आहोत, एवढे स्पष्ट करतो आणि पुढे जातो.

कंपनीने दिलेली शोभा आणि गिऱ्हाइकाने जोडलेली शोभा

या धंद्यात प्रतिकृतीला मोठी किंमत आहे. १९९० च्या 'फनहाऊस' यंत्रात रूडी नावाच्या बाहुल्याचे डोके आहे. ते डोळे फिरवते, बोलते आणि गोळी त्याच्या तोंडात मारायची असते. १९९२ च्या 'ॲडम्स फॅमिली' यंत्रात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि चुंबकाने गोळी उचलून नेतो. या यंत्राचे २०,२७० नग विकले गेले. १९९५ च्या 'अटॅक फ्रॉम मार्स' मध्ये उडती तबकडी आहे. या सर्व वस्तू केवळ शोभेच्या नाहीत, त्या खेळात भाग घेतात.

व्हिडिओ खेळांपुढे हा धंदा बसला. १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचे काम बंद केले आणि त्यानंतर बरीच वर्षे स्टर्न ही एकच मोठी कंपनी मैदानात राहिली. २०११ मध्ये न्यू जर्सीत जर्सी जॅक कंपनी निघाली आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. दरम्यान गिऱ्हाईक बदलले. पूर्वी यंत्र हॉटेलवाला किंवा गाळेवाला घेई. आता घरात ठेवणारा शौकीन मोठ्या संख्येने घेतो. व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टर्न कंपनी बहुतेक खेळ प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड अशा दर्जांत विकते. अलीकडच्या वर्षांत प्रो सुमारे सात हजार डॉलरला, तर लिमिटेड तेरा हजारांच्या घरात गेले. खेळ तोच; फरक यांत्रिक खेळणी, सजावट आणि नगांची मर्यादा यांचा. ज्याने स्वस्तातले यंत्र घेतले त्याच्या मनात रुखरुख राहते, आणि तीस-चाळीस डॉलरची प्रतिकृती लावून तो ती भागवतो. आपल्याकडेही साधा तागा घेऊन वर गोटा लावून घेणारे गिऱ्हाईक असतेच. माणूस सगळीकडे सारखा.

बसवण्याचा हुन्नर

आता मूळ मुद्दा. भाच्याने पहिला घोडेस्वार गरम गोंदाने चिकटवला होता. फ्लिपरच्या वर दोन्ही बाजूंना रबर ताणलेले तिकोनी भाग असतात आणि त्यांवर प्लास्टिकचे पातळ झाकण असते. त्या झाकणावर स्वार उभा केला. आठ दिवसांत तो निखळला. गोळी त्याला घेऊन खाली आली आणि भाल्याच्या टोकाने पाटावरच्या रोगणावर वीतभर ओरखडा उठला. भाच्याने काच काढून तो आम्हाला दाखवला. आठ डॉलरच्या बाहुलीने हजारो डॉलरच्या यंत्राला डाग लावला.

असे का होते? गोळी सत्तावीस मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ऐंशी ग्रॅम वजनाची, पोलादी. पाट प्लायवूडचा, साडेसहा अंशांच्या आसपास उतार दिलेला. खाली विजेच्या कॉइल दणादण ठोके देतात आणि सगळी पेटी थरथरते. जुन्या दिव्यांची उष्णता गोंद मऊ करते. शिवाय गोळी नेहमी पाटावरूनच धावते असे नाही. कधी उसळून हवेतही उडते. अशा जागी गोंदाचा भरवसा धरणे म्हणजे कच्च्या टाक्यावर सदरा विकणे.

आम्ही दोघांनी दुसरा स्वार बसवला, त्याचा क्रम सांगतो. हा क्रम कोणत्याही यंत्राला लागू पडेल.

पहिली गोष्ट, यंत्राची वायर भिंतीतून काढली. बटण बंद करणे पुरेसे नाही. कॉइलला पन्नास व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब मिळतो. मग काच काढून सुरक्षित जागी ठेवली व गोळ्या बाहेर काढल्या. गोळ्या आत ठेवून पाट उचलला तर त्या घसरून वरचे सामान फोडतात.

दुसरी गोष्ट माप. पुठ्ठ्याचा स्वार कापून जागेवर ठेवला. हाताने गोळी सर्व वाटांनी फिरवली. गोळी अडते काय, अडून बसेल अशी फट राहते काय, खेळणाऱ्याच्या नजरेआड एखादे लक्ष्य जाते काय, हे पाहिले. काच परत सरकवून वर किती जागा उरते ते पाहिले. खेळणाऱ्याच्या बाजूला काच पाटाच्या जवळ असते, मागे अंतर वाढते. म्हणून उंच वस्तू मागेच शोभते. शेवटी पाट उभा उचलून पाहिला, कारण दुरुस्तीच्या वेळी मागची उंच प्रतिकृती वरच्या पेटीला धडकू शकते. हे पाच मिनिटांचे काम न केल्याने किती माल परत येत असेल, याचा अंदाज आम्ही आमच्या धंद्यावरून करू शकतो.

तिसरी गोष्ट आधार. पाटाला नवीन भोक पाडायचे नाही. यंत्रात आधीच खांब आहेत, त्यांवर स्क्रू आणि नट आहेत. एक नट काढला, त्या खांबावर पातळ पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवली, पट्टीवर स्वार स्क्रूने आवळला आणि वरून आत नायलॉनची कडी असलेला नट लावला. असा नट थरथरीने सैल होत नाही. प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वायसर घातला, म्हणजे भार खांबावर जातो आणि झाकणाचा कोपरा तडकत नाही. शिंपी जड बटणाखाली कापडाचा जादा तुकडा देतो, तोच हा न्याय. नटही बेताने आवळावा. जास्त जोर केला तर प्लास्टिक फुटते.

चौथी गोष्ट दिवा. स्वाराच्या पायाशी लहान एलईडी हवा होता. जुन्या यंत्रांत साध्या दिव्यांना सुमारे सहा व्होल्ट मिळतात आणि शौकीन क्लिप लावून तेथूनच वीज घेतात. नव्या यंत्रांत हा दाब निराळा असतो. मापल्याविना तार जोडू नये, आणि तार गोळीच्या वाटेत किंवा हलत्या भागाजवळ लोंबकळत ठेवू नये.

पाचवी गोष्ट, परत काढता येणे. भाच्याने काढलेला मूळ नट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून पेटीच्या तळाशी ठेवला. "विकताना गिऱ्हाईक मूळ सामान मागतो, मामूजान," तो म्हणाला. शोभा अशी असावी की, काढली तर खाली डाग दिसू नये.

आमचा ओरखडा

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्याचे कारण यंत्र नव्हते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या शहरातील गिऱ्हाइकाला चारशे ओढण्या पाठवल्या होत्या. किनारीला आरसे आणि खडे. भिवंडीत काही बहिणी आमच्या पेढीसाठी घरबसल्या काम करतात, त्यांच्याकडे माल दिला. टाक्याने आरसा लावायला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते. सणाची घाई होती. आम्ही गोंदाचे डबे पाठवले आणि टाक्याऐवजी चिकटवून घेतले. पहिल्याच धुण्यात खडे गळले. माल परत आला. आम्ही काय केले? त्या बहिणींची मजुरी अडवून ठेवली. काम खराब झाले, असे आम्ही सांगितले. दोन महिन्यांनी त्यांच्यातील वयाने मोठ्या असलेल्या एकीने पेढीच्या दारात उभे राहून म्हटले, "भाईजान, आम्ही सुई मागितली होती. गोंद तुम्ही पाठवला."

पैसे आम्ही त्याच दिवशी चुकते केले. पण दोन महिने त्यांच्या घरी काय गेले असेल याचा हिशेब आमच्या वहीत नाही. दोघींनी आमचे काम कायमचे सोडले. आज आम्ही मान्य करतो की, नुकसान गोंदाने केले आणि गोंद आमच्या बचतीतून आला होता. ज्याने जोडण्याची रीत ठरवली, निखळण्याची जबाबदारी त्याची. ज्याने हुकुमाप्रमाणे चिकटवले, त्याची नव्हे.

भाच्याचे मागणे आणि आमचे मत

भाच्याचा विचार असा की, या प्रतिकृती इकडे तयार कराव्या आणि तिकडे त्याने विकाव्या. निशाणे, तंबू, घोड्यावरची झूल, असे बारीक शिवणकाम त्याच बहिणी करतील. पुतळे दुसरीकडे ओतून, रंगवून घ्यावे. हुन्नर आपल्याकडे आहे, तिकडे शौकीन आहेत. पेढीत विषय निघाला तेव्हा आमचे थोरले बंधू म्हणाले, "खेळण्यात वेळ घालवू नका." धाकट्याने लगेच हजार नगांचा हिशेब मांडला. आम्हाला दोन्ही मते पटली नाहीत. काम घ्यावे, पण थोडे घ्यावे आणि काही शर्तींवर घ्यावे. त्या शर्ती कोणत्याही शोभेच्या मालाला लागू आहेत, म्हणून येथे लिहितो.

बाहुली एकटी विकू नये. पुडीत पट्टी, स्क्रू, नट, वायसर आणि पुठ्ठ्याचे माप असावे, आणि कोणत्या यंत्राच्या कोणत्या खांबावर बसते ते चित्रासह लिहिलेले असावे. ज्या यंत्रावर आपण स्वतः लावून, निदान महिनाभर खेळून पाहिले नाही, त्यासाठी माल विकू नये. कापडाचे निशाण असेल तर कडा गरम पात्याने बंद कराव्या. सुटलेला धागा गोळीबरोबर फिरतो आणि कचरा पाटभर पसरतो.

दुसऱ्याच्या मालकीचे पात्र ओतून विकू नये. पुष्कळ यंत्रे सिनेमांच्या नावावर निघतात आणि त्यांतील चेहऱ्यांचे हक्क कोणाचे तरी असतात. आपल्या छाप्याची नक्कल शेजारच्या गाळ्यात दिसली की आम्हाला किती राग येतो, ते आठवावे. झाड, बुरूज, कंदील, तंबू यांवर कोणाची मालकी नाही.

जकातीचा नियम माल निघण्याच्या दिवशी विचारून घ्यावा. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत असलेली जकातमाफी २०२५ च्या ऑगस्टअखेर तेथील सरकारने स्थगित केली. चाळीस डॉलरच्या पुडीवर अचानक बोजा पडला तर नफा राहू द्या, गिऱ्हाईकही जातो. हा बोजा कोण सोसणार ते आधी ठरवावे.

शेवटची शर्त आम्ही स्वतःला घातली आहे. मजुरी माल हाती आल्याच्या दिवशी द्यायची, विकल्याच्या दिवशी नव्हे. तिकडे नग निखळला तर तो आमच्या खात्यावर. या शर्तीनंतर उरलेला नफा फार मोठा नाही, हे आम्ही मांडून पाहिले आहे. पिनबॉल ठेवणारी घरे कापड नेसणाऱ्या घरांइतकी कधीच होणार नाहीत. तेव्हा या धंद्यासाठी कोणी आपला चालता गाळा विकू नये.

पहिल्या खेपेला आम्ही वीस निशाणांचे काम दिले आहे. ते घेऊन आम्ही त्याच वडील बहिणीकडे गेलो. तिने नमुना हातात घेतला, उलटा केला, पट्टी पाहिली आणि विचारले, "हे कशाने लावायचे?" आम्ही पुडीतला स्क्रू काढून दाखवला. तिने काम ठेवून घेतले.